जिवंत माशात पेशी विभागताना पाहिल्या (झेब्रा मासा, नारिंगी-हिरवी केंद्रकं आणि आपला कांदा)

विश्रामबागची_बाई | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतेय त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती कांद्यांची मुळं ठेचली याचा हिशेब नाही. सायन्सवाल्यांना आठवेल: कांदा पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, तिसऱ्या दिवशी सकाळी मुळांची टोकं कापायची, अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडमध्ये टाकायची, मग ॲसिटोकार्मिनचा लाल रंग, मग काचपट्टी, वर कव्हरस्लिप आणि अंगठ्याचा दाब. दाब जास्त झाला की काच तडकते, कमी पडला की नुसता ढीग दिसतो. जमलंच तर शेकड्यात पाच-सात पेशींत गुणसूत्रं सापडतात, कुठे मधोमध रांगेत, कुठे दोन टोकांना ओढलेली. मुलं आकृती काढतात, मी सही करते.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मुलीने सहीला वही पुढे करताना विचारलं, "मॅडम, ही पेशी पुढच्या मिनिटाला काय करणार होती?" मी म्हटलं, काहीच नाही, आपण तिला मारलं ना. उत्तर बरोबर होतं, पण माझं मलाच आवडलं नव्हतं.

ती मुलगी आता पुण्यात झेब्रा माशांवर पीएच.डी. करतेय. दिवाळीत भावाकडे गेले होते तेव्हा तिने प्रयोगशाळेत नेलं. दार उघडल्यावर आधी दमट ऊब अंगावर येते. भिंतभर रॅक, त्यात बुटाच्या खोक्याएवढ्या टाक्या, पाण्याचा एकसारखा आवाज, आणि प्रत्येक टाकीत बोटाच्या दोन पेरांएवढे निळ्या पट्ट्यांचे मासे. आपल्याकडे ॲक्वेरियमच्या दुकानात स्वस्तात मिळतात तेच हे.

मोठ्या माशाकडे तिने बघूही दिलं नाही. एक दिवसाचं भ्रूण घेतलं, पाण्यात भुलीच्या औषधाचे थेंब टाकले, कोमट अगारोजमध्ये (जेलीसारखा पदार्थ) ते आडवं ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. साध्या उजेडात काचेचा स्वल्पविराम दिसावा तसं दिसलं. हृदय हलत होतं. मग तिने खोलीतला दिवा घालवून निळा प्रकाश सोडला.

त्या स्वल्पविरामात हजारो ठिपके पेटले. काही नारिंगी, काही हिरवे. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीचं केंद्रक. डोळा आणि मेंदूकडे हिरव्यांची गर्दी, पाठीच्या स्नायूंच्या पट्ट्यांत बहुतेक नारिंगी. ती म्हणाली, नारिंगी म्हणजे थांबलेली किंवा अजून तयारीला न लागलेली पेशी, हिरवी म्हणजे विभाजनाच्या वाटेवरची. मग रात्रभर दर काही मिनिटांनी फोटो घेऊन जोडलेली फिल्म दाखवली. एक हिरवं केंद्रक फुगलं, त्याचा हिरवा रंग अचानक सगळ्या पेशीभर पसरला, मधे चिमटा पडला, आणि लगेच दोन नारिंगी ठिपके उमटले.

मी तीनदा बघितली. पुढच्या मिनिटाला काय होतं, ते समोर घडत होतं. या तंत्राला फुची म्हणतात. कोणाला रस असेल तर सविस्तर लिहीन.

आयर्विन_पूल | १४ नोव्हेंबर, रात्री १०:५१

वाखूसा (वाचनखूण साठवली). लिहाच. पण रंग येतो कुठून? माशाला रंग पाजतात का?

हळदीचं_पेव | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

कांद्याची मुळं ठेचून उरलेल्या कांद्याची भजी आमचे सर करायला लावायचे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

विश्रामबागची_बाई | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पाजत नाहीत, रंग मासा स्वतःच बनवतो. त्याच्या अंड्यात पहिल्याच पेशीच्या अवस्थेत जनुक सोडलेलं असतं. मूळ कथा जेलीफिशची आहे. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमधून निळ्या प्रकाशात हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या जिवांत घालून तेही चमकतात हे दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्याच्या वेगवेगळ्या रंगछटा केल्या. या तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फुचीमधले हिरवा आणि नारिंगी हे दोन्ही रंग मात्र प्रवाळांच्या प्रथिनांपासून घेतलेले आहेत.

आता खरी गंमत. ते जनुक पेशीत सतत चालू असतं, म्हणजे रंग सतत तयार होतो. मग कधी नारिंगी आणि कधी हिरवं का दिसतं? तर पुसणारे वेगळे आहेत म्हणून.

दारात दोन रांगोळ्या समजा, एक नारिंगी, एक हिरवी. काढणारी बाई दिवसभर दोन्ही काढत बसलेली आहे. पण झाडूवाल्या दोघी आहेत आणि त्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. डीएनएची नक्कल सुरू झाली की पहिली येते आणि नारिंगी झाडून टाकते. विभाजन संपत आलं की दुसरी येते, हिरवी झाडते आणि पुढच्या नकलेची वेळ होईपर्यंत झाडतच राहते. तुम्ही गल्लीतून जाताना कोणती रांगोळी शिल्लक आहे ते बघायचं, म्हणजे आत्ता कोणाची पाळी चालू आहे ते कळतं. नक्कल सुरू होताना पाळी बदलते तेव्हा दोन्ही थोडा वेळ राहतात, म्हणून पेशी पिवळट दिसते.

नारिंगी रंग जोडलाय सीडीटी१ नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याला, हिरवा जेमिनिनच्या तुकड्याला. ही दोन्ही प्रथिनं पेशीत मुळातच असतात. डीएनएची नक्कल एका फेरीत एकदाच व्हावी, दोनदा होऊ नये, याचा बंदोबस्त ती करतात. नको त्या वेळी पेशी त्यांच्यावर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी डकवते आणि चिठ्ठी लागलेलं प्रथिन कातरलं जातं. जपानमध्ये रिकेन संस्थेतल्या अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने २००८ मध्ये हे तंत्र आधी सस्तन प्राण्यांच्या पेशींत केलं.

आयर्विन_पूल | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

रांगोळी कळली. पण मियावाकी म्हणजे ते जंगलवाले? आमच्या सोसायटीने मागच्या पावसाळ्यात दोन गुंठ्यांत मियावाकी लावलंय.

विश्रामबागची_बाई | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:४४

ते अकिरा, हे अत्सुशी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. :)

तासगावचा_अण्णा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

बाई, मी शिकलेला कमी, पण येक इचारतो. आमची द्राक्षं हायत. छाटणी होऊन महिना झाला, आता जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) चालू हाय. पुढं मणी धरला की डिपिंगला सीपीपीयू पण टाकतो. कंपनीचा माणूस सांगतो "जीएनं मणी लांब हुतो, सीपीपीयूनं गोल आनि भरीव हुतो". ते आत पेशी वाढत्यात म्हनून का पेशींची संख्या वाढती म्हनून? तुमच्या ह्या दिव्यानं ते मण्यात दिसंल का?

विश्रामबागची_बाई | १५ नोव्हेंबर, रात्री ९:०२

अण्णा, शिकलेला कमी म्हणता आणि धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारता.

मणी धरल्यानंतर पहिले काही आठवडे पेशींची संख्या वाढते. नंतर संख्या जवळजवळ ठरून जाते आणि पुढे आहे त्याच पेशी पाण्याने-साखरेने फुगतात. जीए मुख्यतः पेशी ताणतं, लांबवतं. सीपीपीयू हे सायटोकायनिन या वनस्पतीतल्या संप्रेरकासारखं वागणारं, विभाजनाला ढकलणारं रसायन. म्हणून ते द्यायची वेळ चुकली, मणी मोठा झाल्यावर दिलं, तर पैसे देऊनही संख्या वाढायची संधी गेलेली असते. तुमच्या माणसाचं वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे.

दिव्याचं म्हणाल तर प्राण्यांची फुची वनस्पतीत तशीच्या तशी चालत नाही. वनस्पतींसाठी २०२० मध्ये त्यांचीच प्रथिनं घेऊन तीन रंगांचं वेगळं साधन केलं गेलं, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात. त्याच्या मुळाच्या टोकाशी रंग सुरेख दिसतात. बघा, पुन्हा मुळाचं टोकच! द्राक्षाचा मणी मात्र जाड आणि अपारदर्शक, प्रकाश आत पोचून बाहेर यायची पंचाईत.

तासगावचा_अण्णा | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

कळलं. वेळ चुकली की पैसं पाण्यात. ते आमाला दिव्याबिगर बी कळतंय ओ.

मिरजेचा_स्लाइडवाला | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मिरजेत. बाईंचा कांदा वाचून बरं वाटलं, कारण माझी सबंध कारकीर्द तशी ठेचलेल्या कांद्यावरच चालू आहे. गाठीचा तुकडा येतो, फॉर्मॅलिनमध्ये मेलेला, मेणात बसवलेला. त्यावर केआय-६७ नावाचा डाग देतो. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ मध्ये सापडलेली ही अँटिबॉडी, 'केआय' म्हणजे कील. पेशी विभाजनाच्या चक्रात असेल तर केंद्रक तपकिरी होतं, चक्राबाहेर बसलेली असेल तर होत नाही. शंभर केंद्रकांत किती तपकिरी ते मोजायचं. स्तनाच्या गाठीत हा आकडा सर्जन आणि ऑन्कोलॉजिस्ट दोघेही विचारतात.

पण ३० टक्के लिहिताना मला दरवेळी खटकतं. ३० टक्के पेशी चक्रात आहेत एवढंच मी सांगू शकतो. त्या भराभर फिरताहेत की मधेच कुठेतरी अडकून बसल्यात, हे मेलेला तुकडा सांगत नाही. एसटी स्टँडचा एकच फोटो बघून किती गाड्या सुटतात हे सांगण्यासारखं आहे. फलाटावर उभी असलेली गाडी सुटणारी आहे का बिघडलेली, फोटोत सारखीच दिसते. तुमच्या माशात हा फरक दिसतो का?

काचमासोळी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३२

मॅडमनी धाग्याची लिंक पाठवली म्हणून आयडी काढला. त्या वहीवाली मीच. मॅडम, आधी दोन दुरुस्त्या, रागावू नका.

एक, हिरवं विझून "लगेच दोन नारिंगी" होत नाही. विभाजन संपल्यावर दोन्ही नव्या पेशी काही काळ काळोख्या असतात. हिरवं पुसलेलं असतं, नारिंगी नुकतं बनायला लागलेलं असतं, आणि बनलं तरी ते प्रथिन चमकण्यायोग्य व्हायला वेळ लागतो. तुम्ही वेगाने पळवलेली फिल्म बघितलीत म्हणून ते लगेच वाटलं. दोन, हिरवं म्हणजे विभागतेय असं नाही. हिरव्यात डीएनएची नक्कल, मग मधली तयारी, मग प्रत्यक्ष विभाजन, सगळं येतं. प्रत्यक्ष विभाजन त्यातला छोटा तुकडा. रंग पेशीभर पसरतो तो क्षण, कारण तेव्हा केंद्रकाचं आवरण विरघळतं.

डॉक्टरसाहेब, हो, दिसतो. हिरवी होऊन हिरवीच राहिलेली पेशी आणि हिरवी होऊन विभागलेली पेशी फिल्ममध्ये वेगळ्या ओळखू येतात. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला तेही मोजता येतं. पण तुमच्या डागाला जमतं ते फुचीला जमत नाही. केआय-६७ चक्राबाहेर बसलेली पेशी वेगळी दाखवतो. फुचीत चक्राबाहेरची आणि विभाजनानंतर विसावलेली, दोघीही नारिंगीच. मॅडमनी बघितलेले स्नायू नारिंगी होते ते बहुतेक कायमचे निवृत्त, पण नुसत्या रंगावरून मी तसं लिहू शकत नाही.

विश्रामबागची_बाई | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

दुरुस्त्या मान्य. बावीस वर्षं मी तुम्हा लोकांच्या आकृत्यांवर लाल शाई केली, आता तुझी पाळी. डॉक्टरांचं एसटी स्टँड मी उद्याच्या तासाला वापरणार आहे.

शंकासुर | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

रंगीत चित्रं छान आहेत. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. माशात का? उंदरात करा, तो माणसाला जवळचा. आणि माशात दिसलेलं माणसात खरं कशावरून? सोन्यासारखा पैसा काचेच्या टाक्यांत जातो आणि शेवटी पेपरात बातमी येते "कर्करोगावर उपाय दृष्टिपथात". ती दृष्टी पन्नास वर्षं पथावरच आहे.

काचमासोळी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०८

उंदरात केलंय, माशाच्या आधीच. पण उंदराचं पिल्लू आईच्या पोटात वाढतं. ते रोज चोवीस तास सूक्ष्मदर्शकाखाली कसं ठेवणार? माशाचं अंडं आईबाहेर पडतं, बाहेरच फलित होतं, आणि कवचापासून आतल्या बाळापर्यंत सगळं पारदर्शक. एक मादी एका सकाळी शंभर-दोनशे अंडी सहज देते. चोवीस तासांत शरीराचा आराखडा तयार, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर, तीन महिन्यांत ते स्वतः आईबाप. पुढे त्वचेत काळे रंगकण येतात, ते एका औषधाने रोखता येतात. २००८ मध्ये तर मोठेपणीही पारदर्शक राहणारी जातच तयार केली गेली, तिचं नाव कॅस्पर.

माणसात खरं कशावरून, या प्रश्नावर तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते. ही सगळी भानगड माशात आणताना जपानी गटाने सस्तन प्राण्यांत चाललेलंच साधन उचललं, म्हणजे माणसाचं सीडीटी१. ते माशात चाललं नाही! मॅडमच्या भाषेत, माशाच्या झाडूवालीला माणसाची नारिंगी रांगोळी ओळखूच आली नसावी. पुसायची वेळ झाली तरी ती पुसली जाईना. आणि पुसलाच जात नाही तो रंग काय माहिती देणार? शेवटी त्यांनी माशाचंच सीडीटी१ आणि माशाचंच जेमिनिन घेतलं. शिवाय प्रथिन मोडण्याचा दुसरा एक मार्ग, जो झाडून साऱ्या बहुपेशीय प्राण्यांत सारखा आहे, त्यावर भर दिला. २००९ मध्ये ते जमलं.

शंकासुर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२९

म्हणजे माणसाचं प्रथिन माशाला ओळखता येत नाही हे तुम्हीच सांगताय. हा तर माझाच मुद्दा झाला की!

काचमासोळी | १७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

अर्धा तुमचा. चक्राची चौकट तीच आहे: नक्कल एकदाच, मग वाटणी, आणि काम संपलेलं प्रथिन मोडणं. फरक कुलपांच्या खाचांत आहे. म्हणून माशातला आकडा उचलून माणसाच्या औषधाचा डोस ठरवणारा माणूस चुकेल, आणि तसं करणाऱ्यांवर तुमच्याइतकीच मीही चिडते. २०१३ मध्ये झेब्रा माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना माशात किमान एक जोडीदार सापडला. जोडीदार आहे म्हणजे स्वभाव तोच, असं नाही.

पण काही वेळा फरक आहे म्हणूनच मासा हवा असतो. २००२ मध्ये झेब्रा माशाच्या हृदयातल्या निलयाचा (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा) सुमारे पाचवा भाग कापला, दोन महिन्यांत तो भरून आला. आपल्याला झटका आला की तिथे व्रण उरतो. २०१० मध्ये दोन गटांनी दाखवलं की नवा स्नायू आधीच्याच हृदयपेशींच्या विभाजनातून येतो. म्हणजे काम करत असलेली, आकुंचन पावणारी पेशी माशात पुन्हा चक्रात शिरते, आपली जवळजवळ शिरत नाही. ती कधी आणि कुठे शिरते हे रंगाने बघता येतं.

आणि रंगाने काय नवं दिसलं म्हणाल, तर त्या २००९ च्या कामातच पृष्ठरज्जू (पाठीच्या कण्याच्या आधी भ्रूणात बनणारा दांडा) घडताना डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या दोन लाटा दिसल्या. एक नक्कल सुरू होण्याची, दुसरी विभाजन संपण्याची. शाळेत प्रार्थनेनंतर "बसा" म्हटलं की रांग पुढून मागे बसत जाते, तसं. काचपट्टीवर ही लाट पकडायची तर किती भ्रूणं, किती वेळांना मारून रांगेत लावावी लागली असती! आणि तरी एकाच भ्रूणात ती सरकताना दिसली नसती.

मिरजेचा_स्लाइडवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

शंकासुरांच्या "दृष्टिपथा"शी सहमत, पण एक भर. २०१६ मध्ये माशातल्या मेलॅनोमावर (त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगावर) एक काम आलं. भ्रूणावस्थेत चालू असणारं आणि नंतर झोपणारं एक जनुक गाठ सुरू होताना पुन्हा जागं होतं. त्याला हिरवा रंग जोडला तर त्वचेतली पहिली एक चमकणारी पेशी दिसते, आणि तिथेच पुढे गाठ होते. फुची नव्हे ही, वेगळा रंग. पण आमच्या टेबलावर गाठ येते तेव्हा तिच्यात कोट्यवधी पेशी झालेल्या असतात. पहिली पेशी आम्हाला कधीच भेटत नाही. तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो.

गणपतीपेठ_मत्स्यप्रेमी | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

थोडं अवांतर. गेल्या वर्षी इथल्याच एका दुकानातून गुलाबी-हिरवे मासे घेतले होते. दुकानदार म्हणाला "परदेशी ब्रीड, रात्री चमकतात". महिन्याभरात रंग गेला, तिघे मेले. ते हेच का?

काचमासोळी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४७

रंग गेला म्हणजे ते रंगवलेले असणार. काचमाशासारख्या पारदर्शक माशांना सुईने रंग टोचतात. क्रूर प्रकार आहे, मासे त्यानेच मरतात. जनुकातून आलेला रंग मरेपर्यंत राहतो आणि पिल्लांतही उतरतो.

खरे चमकणारे झेब्रा मासे १९९९ च्या सुमारास सिंगापूरच्या विद्यापीठात झाले. मूळ हेतू पाण्यातलं प्रदूषण ओळखणारा मासा करण्याचा होता. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत ते शोभेचे मासे म्हणून विकायला आले. आपल्याकडे मात्र १९८९ च्या नियमांनुसार जनुकबदल केलेला जीव परवानगीशिवाय आणता, पाळता, विकता येत नाही. आम्हालाही जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. टाक्यांच्या निचऱ्यालासुद्धा जाळी असते.

आयर्विन_पूल | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

आणि समजा कोणी गुपचूप पाळलेच, आणि महापूर आला तर? २००५, २०१९, २०२१, आमच्या तळमजल्यावरच्या टाक्या कृष्णेने तीनदा नेल्या. आमचा ऑस्कर मासा आता कर्नाटकात असेल.

काचमासोळी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

गंमत नाही, हाच खरा धोका आहे. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीतून निसटलेले लाल-हिरवे झेब्रा मासे ओढ्यांत वाढताहेत, पिल्लं देताहेत, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे ते परके तरी आहेत. झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची पहिली नोंद केली. म्हणजे निसटलेल्याला इथे सख्खे नातेवाईक भेटण्याची शक्यता आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेने २००९ मध्ये रानटी झेब्रा माशाचाच जनुकसंच वाचला. जगभरच्या प्रयोगशाळांतला हा पाहुणा आपल्याकडच्या ओढ्या-भातखाचरांतून गेलेला आहे, हे आपल्याला मात्र परदेशी पुस्तकातून कळतं.

गणपतीपेठ_मत्स्यप्रेमी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

साधे झेब्रा आहेत माझ्याकडे, सहा. रंगाशिवाय घरी काही बघता येईल का? पोराच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळेल दोन दिवस.

काचमासोळी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

येईल की! छोट्या टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्या, नाहीतर आईबाप अंडी खाऊन टाकतात. रात्री एक मादी (पोट गोल, चंदेरी) आणि दोन नर (सडपातळ, सोनेरी झाक) वेगवेगळे ठेवा. सकाळी उजेड झाला की एकत्र सोडा. अर्ध्या तासात अंडी गोट्यांच्या फटीतून खाली पडतात. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा, क्लोरीन जाऊ द्या. ड्रॉपरने अंडी बशीत घ्या, सगळ्यात लहान भिंग लावा. पाऊण तासात एकाच्या दोन होतात, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट.

तासगावचा_अण्णा | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ह्ये झालं तर मला फोटू दावा.

गणपतीपेठ_मत्स्यप्रेमी | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

पहिला प्रयत्न फसला. अंडी पडली, चाळीसेक. रव्याच्या कणाएवढी, पण काचेची. दुपारपर्यंत सगळी दुधासारखी पांढरी. पाणी थेट नळाचं होतं, बायको आधीच म्हणाली होती.

काचमासोळी | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

पांढरं झालं म्हणजे मेलं. मेलेली लगेच काढा, बुरशी बाकीच्यांना लागते. पाणी मुरवा आणि परत करा.

गणपतीपेठ_मत्स्यप्रेमी | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:५५

जमलं!!

सव्वासातला सोडले, पावणेआठला अंडी. सूक्ष्मदर्शक स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कारण उजेड तिथे बरा. पहिल्यांदा नुसता गोळा आणि त्यावर एक टेंगूळ. पोरगा म्हणाला, पप्पा काही होत नाहीये. मी चहा ठेवला. वळून बघतो तर टेंगळाला मधोमध खाच! दोन! बायकोला हाक मारली, शेजारच्या काकू आल्या, त्यांनी बघून "अगं बाई, पुरीचं पीठ तिंबल्यासारखं दिसतंय" म्हटलं. मग चार. पण एक शंका: तुम्ही पंधरा मिनिटं म्हणालात, आमच्याकडे दर वेळी बावीस-तेवीस लागत होती. पोराने घड्याळ लावून मोजलंय.

काचमासोळी | ३० नोव्हेंबर, सकाळी ११:२०

पाणी किती अंश होतं? पंधरा मिनिटांचा हिशेब २८.५ अंशांचा आहे. थंडीत चक्र संथ होतं, फार गार झालं तर भ्रूण बिघडतंही. पोराला सांगा मोजमाप वहीत लिहून ठेव, तापमानासकट.

आणि एक सांगू? तुम्ही बघितलंत ते माझ्या रंगीत माशात मला नीट बघता येत नाही. पहिल्या दहाएक विभाजनांत नुसती नक्कल आणि वाटणी चालते, मधे विसावाच नसतो. विसावा नाही तर नारिंगी उजळायला फुरसत नाही. त्या तीन तासांना साधा उजेडच लागतो.

गणपतीपेठ_मत्स्यप्रेमी | ३० नोव्हेंबर, सकाळी ११:४१

बावीस अंश होतं, टाकीतल्या थर्मामीटरवर. लिहून ठेवलंय.

विश्रामबागची_बाई | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:०५

मत्स्यप्रेमी, पुढच्या आठवड्यात माझी बारावीची प्रॅक्टिकल्स आहेत. तुमचा मुलगा, ती वही आणि एक मादी मला सकाळी दोन तास उसनी मिळेल का? कांदेही आणून ठेवलेत, पण या वेळी ते दुसऱ्या टेबलावर. चार पेशींच्या पुढे काय झालं ते नाही लिहिलंत?

गणपतीपेठ_मत्स्यप्रेमी | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

देतो की, दोन नरही घेऊन जा. चाराच्या आठ होत होत्या, पोरगा ओरडत होता "खाच पडली, खाच पडली", आणि लाइट गेली. मोबाइलचा टॉर्च खालून धरला तोवर सोळा झाल्या होत्या.